ज्येष्ठांच्या मनाची चौकशी करणाऱ्या प्रश्नावल्या: कोणती घ्यावी आणि कुठे फसते

ज्येष्ठांच्या मनःस्थितीचा अंदाज घेणाऱ्या, विनामूल्य मिळणाऱ्या प्रश्नावल्या आता वृद्धाश्रमांत, दवाखान्यांत, घरी येणाऱ्या नर्सच्या फायलीत, अगदी मोबाइल ॲपमध्येही दिसतात. बहुतेक प्रश्नावल्या चांगल्या आहेत. बिघडतं ते भरून घेताना आणि बेरीज करताना. म्हणून इथे पारख करताना निकष एकच ठेवला आहे: ऐंशीच्या पुढच्या, थोडं कमी ऐकू येणाऱ्या, लवकर थकणाऱ्या माणसाजवळ बसून ही प्रश्नावली विचारली, तर खरं उत्तर कितपत मिळतं?

निकाल आधीच सांगायचा तर असा. दर दोन-तीन महिन्यांनी विचारायला पाच वाक्यांची डब्ल्यूएचओ-५ घ्यावी. तिथे आकडा खाली आला की ज्येष्ठांमधलं नैराश्य हेरणारी जीडीएस-१५ काढावी. दोन्हींच्या जोडीला एकटेपणाचे तीन प्रश्न असावेत. आयुष्याच्या समाधानाची प्रश्नावली वर्षातून एकदा पुरे. जगण्याचा दर्जा मोजणारी कॅस्प-१९ संस्थांसाठी ठीक आहे, घरच्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो असला की कुठल्याही आकड्याचा अर्थ चुकीचा लागतो. "वय झालं की माणूस उदास होणारच" असं धरून चालणारे घरातही असतात आणि दवाखान्यातही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सोशिओइमोशनल सिलेक्टिव्हिटी या सिद्धांताची मांडणी वेगळी आहे: पुढे उरलेला काळ थोडा आहे हे जाणवू लागलं की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आवरतो, जवळच्या माणसांवर आणि मनाला अर्थ देणाऱ्या गोष्टींवर लक्ष ठेवतो. राग, चिंता यांसारख्या नकारात्मक भावना वयाबरोबर सरासरीने कमी होतात, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. गंभीर आजारपणात आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात चित्र बदलतं, हे खरं. पण पंचाहत्तरीच्या माणसाचा आकडा खाली आला तर "वयाचं आहे" म्हणून कागद फायलीत लावून टाकायचा नसतो. कारण शोधायचं असतं.

जीडीएस-१५: सर्वांत कामाची, सर्वांत चुकीची मोजली जाणारी

जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल ही येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खास ज्येष्ठांसाठी तयार केलेली प्रश्नावली. मूळ प्रश्न ३०. शेख आणि येसावेज यांनी १९८६मध्ये त्यातले १५ निवडून छोटी आवृत्ती केली. ती पाच ते सात मिनिटांत होते, उत्तरं फक्त "हो" किंवा "नाही", आणि काळ गेल्या एका आठवड्याचा.

हिचं सर्वांत मोठं बळ म्हणजे तिने गाळलेल्या गोष्टी. भूक, झोप, वजन, दुखणी यांवर एकही प्रश्न नाही. तरुणांसाठीच्या नैराश्याच्या प्रश्नावल्या अशा शारीरिक लक्षणांवर बऱ्याच अवलंबून असतात. संधिवात, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयविकार असलेल्या माणसाची झोप आणि ताकद तशीही कमी झालेली असते, त्यामुळे तिथे मन ठीक असूनही गुण फुगतात. जीडीएस थेट मनाकडे जाते: आयुष्य रिकामं वाटतं का, असहाय वाटतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का. "हो-नाही" हे रूपही मुद्दाम निवडल्यासारखं उपयोगी पडतं. सात पायऱ्यांच्या मापापेक्षा थकलेल्या माणसाला हे कितीतरी सोपं जातं.

आता चूक कुठे होते ते पाहू. पंधरापैकी दहा प्रश्नांत "हो" म्हटलं की एक गुण मिळतो. उरलेल्या पाच प्रश्नांत, म्हणजे क्रमांक १, ५, ७, ११ आणि १३ मध्ये, "नाही" म्हटलं की एक गुण. हे पाच प्रश्न आयुष्याचं समाधान, बहुतेक वेळ प्रसन्न असणं, आनंदी असणं, जिवंत असणं छान वाटणं आणि अंगात उत्साह असणं यांविषयी आहेत. घाईत असलेला कर्मचारी सरसकट "हो" मोजतो. मग पूर्ण समाधानी आजीच्या नावावर ५ गुण लागतात, म्हणजे सौम्य नैराश्याचा शेरा. आणि खोल नैराश्यातल्या आजोबांचे १५ऐवजी १०च भरतात. हा घोळ टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे ज्या उत्तराला गुण आहे ते उत्तर छापील कागदावर ठळक करून ठेवणं. नंतर फक्त ठळक उत्तरांवरच्या खुणा मोजायच्या. ॲप वापरत असाल तर त्यात एकदा पूर्ण समाधानी माणसाची उत्तरं भरून पाहा. शून्य आलं नाही तर ते ॲप काढून टाका.

दुसरी अडचण सगळ्याला "हो, हो" म्हणणाऱ्या माणसांची. प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणणाऱ्याचे १० गुण होतात, प्रत्येकाला "नाही" म्हणणाऱ्याचे ५. दोन्ही आकड्यांना काही अर्थ नाही. म्हणून पहिला आणि तिसरा प्रश्न शेजारी ठेवून बघावेत. "आयुष्याबद्दल समाधानी आहात का" याला हो आणि "आयुष्य रिकामं वाटतं का" यालाही हो आलं, तर ऐकू नीट आलं का, प्रश्न कळला का, की लवकर संपवायचं आहे, हे आधी तपासावं. कानाचं यंत्र घालून, चेहरा उजेडात येईल असं समोर बसून, प्रश्न जसाच्या तसा वाचावा. "तसं काही नाही ना तुम्हाला?" अशी पुस्ती जोडली की उत्तर आपणच दिल्यासारखं होतं.

गुणांचा ढोबळ अर्थ असा: ०–४ ठीक, ५–८ सौम्य, ९–११ मध्यम, १२–१५ तीव्र. हे निदान नाही, पुढच्या तपासणीची खूण आहे. एक-दोन प्रश्न सुटले असतील तर मिळालेल्या गुणांना १५ने गुणून, उत्तर दिलेल्या प्रश्नांच्या संख्येने भागावं. १३ प्रश्नांत ५ गुण असतील तर ते ५.७७, म्हणजे ६ धरायचे. चार-पाच प्रश्न रिकामे असतील तर बेरजेच्या नादाला न लागता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं.

एकूण गुणांइतकंच महत्त्व ते कुठून आले याला द्यायला हवं, आणि हे फार कमी ठिकाणी होतं. क्रमांक २ (पूर्वीचे छंद, कामं सोडलीत का), ९ (बाहेर पडून नवं काही करण्यापेक्षा घरी बसणं बरं वाटतं का) आणि १३ (उत्साह) या तिघांचेच गुण असतील आणि दुःख, हताशा, निरुपयोगीपणा यांना "नाही" असेल, तर ते बहुधा नैराश्य नसतं. ती उदासीनता असते. पक्षाघातानंतर, पार्किन्सन्समध्ये आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला ती दिसते. अशा माणसाला दुःख होत नसतं, स्वतःहून सुरुवात करणं जमत नसतं. "काय करायचंय?" असं विचारण्यापेक्षा "चला, उठू या" म्हणून हात दिला की तो येतो. उलट ३, ८, १२ आणि १४ (रिकामेपण, असहायता, निरुपयोगीपणा, हताशा) यांना "हो" असेल, तर एकूण आकडा ४ असला तरी गंभीरपणे घ्यावं.

नववा प्रश्न एकट्याने कधीच पुरावा मानू नये. गुडघे धरतात, लघवीची घाई होते, पडण्याची भीती वाटते, म्हणून लोक घरी बसतात. अकराव्यालाही जपावं. "माझं सगळं करून झालं, आता कधीही बोलावणं आलं तरी चालेल" असं शांतपणे म्हणणारी माणसं असतात. तो स्वीकार आहे, नैराश्य नाही. फरक ओळखायला एकच पुढचा प्रश्न पुरतो: "आजच्या दिवसात कशाची वाट बघताय?" स्वीकार असलेला माणूस काहीतरी सांगतो, कुणाचा तरी फोन, बागेतली कळी, संध्याकाळचा डाव. नैराश्यातल्या माणसाला सांगायला काही सापडत नाही.

या प्रश्नावलीचा मोठा दोष म्हणजे जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या दुसऱ्या प्रश्नावलीत तो शेवटचा, नववा प्रश्न आहे. इथे तो स्वतंत्रपणे विचारावाच लागतो: "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, हे लगेच विचारावं. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, साठवलेल्या गोळ्या आणि घरातलं विषारी औषध हलवायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

गुण ५ किंवा जास्त आले की थेट मनाच्या औषधांकडे न धावता रक्ताच्या तपासण्या आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. थायरॉइड मंदावणं, बी-१२ची कमतरता, रक्तक्षय, न सांगितलेलं दुखणं, वाढता बहिरेपणा, झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड यांनीही माणूस मलूल दिसतो. आणि बदल दोन-तीन दिवसांत अचानक झाला असेल, माणूस गुंगीत असेल, बोलण्यात विसंगती असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवा. तो संसर्गाने किंवा औषधाने आलेला डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारी भ्रमाची अवस्था, असू शकतो आणि त्याला तातडीने दवाखाना लागतो.

डब्ल्यूएचओ-५: रोजच्या वापराची

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९९८मध्ये पुढे आणलेली ही पाच वाक्यांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत आनंदी आणि प्रसन्न वाटलं, शांत वाटलं, अंगात हुशारी होती, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं, दिवसात मन रमेल असं काही होतं. प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ५ (सतत) गुण. बेरीज २५पर्यंत, तिला ४ने गुणलं की ० ते १००.

पाचही वाक्यं चांगल्या गोष्टींविषयी आहेत आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. "तुम्हाला निरुपयोगी वाटतं का?" असं कुणी विचारलं की अनेक ज्येष्ठ दुखावतात किंवा सावध होतात. इथे तसं होत नाही. पुन्हापुन्हा विचारता येते, आणि विचारता विचारता गप्पा सुरू होतात.

अडचण सहा पर्यायांची आहे. "निम्म्याहून जास्त वेळ" आणि "निम्म्याहून कमी वेळ" हे तोंडी सांगितलं की गोंधळ होतो. मोठ्या अक्षरांत सहा पर्यायांचं कार्ड हातात द्यावं, किंवा दोन टप्प्यांत विचारावं: "गेल्या चौदा दिवसांत सात दिवसांपेक्षा जास्त की कमी?" आणि मग "जवळजवळ रोज, की अधूनमधून?" वेळ थोडा जास्त लागतो, पण उत्तर पक्कं येतं.

समजा उत्तरं ३, ३, २, १, ३ अशी आली. बेरीज १२, म्हणजे ४८. आकडा ५० किंवा त्याखाली असला की पुढची चौकशी करायची. २८ किंवा त्याखाली गेला तर नैराश्याची शक्यता बरीच, वाट बघायची नाही. आता ४, ४, ३, ०, ४ पाहा. बेरीज १५, म्हणजे ६०. एकूण आकडा ठीक आहे, पण चौथं शून्य ओरडून काहीतरी सांगतंय. रात्री चार वेळा उठावं लागतं का? कंबर दुखते का? घोरण्यात श्वास अडकतो का? या माणसाला समुपदेशकाची गरज नाही, झोप का मोडते ते शोधायची गरज आहे. म्हणून पाचही उत्तरं वेगवेगळी लिहून ठेवावीत. ज्या संस्था फक्त बेरीज नोंदवतात त्या अर्धी माहिती फेकून देतात.

दोन वेळच्या आकड्यांत १०० पैकी १० किंवा जास्त फरक पडला तरच बदल झाला असं मानतात. प्रत्यक्षात बेरजेत एक गुण हलला की ४चा फरक पडतो, म्हणजे किमान तीन गुण हलायला हवेत. ५६चे ५२ झाले म्हणून घाबरू नये, ४८चे ५२ झाले म्हणून हुरळूनही जाऊ नये. सकाळ-संध्याकाळ मनःस्थिती बदलते, तेव्हा शक्यतो दर वेळी त्याच वेळेला, त्याच माणसाने विचारावं.

एकटेपणाचे तीन प्रश्न

यूसीएलए लोनलीनेस स्केलवरून ह्यूझ आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ही छोटी आवृत्ती बनवली. सोबत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं. उत्तरं तीनच: क्वचित, कधीकधी, बरेचदा, गुण १ ते ३. बेरीज ३ ते ९, आणि ६ किंवा जास्त आले की एकटेपण आहे असं साधारण धरतात. कुठल्याही प्रश्नात "एकटे आहात का" असं थेट विचारलेलं नाही, म्हणून कबूल करायला संकोच वाटत नाही.

फक्त एक अट आहे आणि ती पाळली नाही तर हे तीन प्रश्न फुकट जातात: मुलगा, सून, लेक, नात, कुणीही खोलीत नको. भरल्या घरातही माणसाला वगळल्यासारखं वाटतं. पण घरच्यांसमोर ते कोण सांगणार? वृद्धाश्रमात हीच अडचण तिथल्या कर्मचाऱ्याने विचारलं की येते. उद्या आंघोळ घालायला तोच येणार असतो.

आकडा जास्त आला म्हणून लगेच भजनी मंडळ किंवा सहलीत नाव घालू नये. पहिल्या प्रश्नाला गुण असतील तर जिवाभावाचं एक माणूस हवं असतं, आणि तिथे पन्नास जणांचा गट काही कामाचा नाही. दुसऱ्याला असतील तर घरातल्या निर्णयांत, बोलण्यात त्यांना सामील करून घेण्याचा प्रश्न असतो. ऐकू कमी येतं म्हणून गप्पांतून बाजूला पडलेली माणसं इथे खूप सापडतात.

आयुष्याच्या समाधानाची प्रश्नावली

सॅटिस्फॅक्शन विथ लाइफ स्केल ही डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५मधली प्रश्नावली. पाच वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७, बेरीज ५ ते ३५. २० हा मध्य. २१–२५ थोडं समाधान, २६–३० समाधान, ३१च्या पुढे भरपूर. खाली १५–१९ थोडी नाराजी, १०–१४ नाराजी, ९ आणि त्याखाली तीव्र.

ही मनःस्थिती विचारत नाही, हिशेब विचारते. आयुष्य हवं तसं झालं का, परिस्थिती चांगली आहे का, महत्त्वाचं ते मिळालं का, पुन्हा जगायला मिळालं तर काही बदलाल का. म्हणून ज्यांचा जोडीदार नुकताच गेला आहे त्यांचे इथे ३० आणि डब्ल्यूएचओ-५वर ३६ येऊ शकतात. दोन्ही खरं असतं: आयुष्य चांगलं गेलं, आणि आत्ता फार दुखतंय. शेवटची दोन वाक्यं मागे वळून पाहायला लावतात. जुन्या खंती असलेल्या माणसाचे गुण तिथेच जातात आणि आजच्या सोयीसुविधा कितीही सुधारल्या तरी परत येत नाहीत. संस्थेच्या सेवेचं मूल्यमापन करायला ही वापरणं म्हणूनच चूक आहे. शिवाय माणूस आपलं मापच बदलतो. काठीशिवाय चालणं ज्याला काल गृहीत होतं, त्याला आज काठी घेऊन गच्चीवर जाता आलं तरी समाधान वाटतं. आकडा तोच राहतो, आयुष्य बदललेलं असतं.

सात पायऱ्या तोंडी विचारू नयेत. आधी "पटतं की नाही पटत?", मग "पूर्ण, बऱ्यापैकी की थोडंसं?" असं विचारलं की काम होतं. दोन्हीकडे मन नसेल तर ४.

कॅस्प-१९

हाइड आणि सहकाऱ्यांची २००३मधली प्रश्नावली. आपल्या हातात काय आहे, स्वायत्तता, स्वतःला घडवणं आणि आनंद असे चार भाग, १९ वाक्यं, ० ते ३ गुण, बेरीज ५७पर्यंत. वय, तब्येत, पैसा आणि घरच्या जबाबदाऱ्या आड येतात का, हे ती वेगवेगळं विचारते, आणि हे इतर कुणी विचारत नाही. पण सहा वाक्यं उलटी मोजावी लागतात, तीनच वाक्यांनंतर थकणाऱ्या माणसाला १९ पेलत नाहीत, आणि ती मुळात ६५ ते ७५ या वयोगटासाठी बांधलेली आहे. पाहणी करणाऱ्यांनी वापरावी.

स्मृती बिघडलेली असेल तर

मध्यम किंवा तीव्र स्मृतिभ्रंशात वरची एकही प्रश्नावली भरवशाची नाही. गेला आठवडा आठवतच नसेल तर त्याबद्दलचं उत्तर काय कामाचं? तिथे अ‍ॅलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांची १९८८मधली कॉर्नेल स्केल घ्यावी. १९ लक्षणं, प्रत्येकी ० ते २ गुण. सांभाळणाऱ्या व्यक्तीशी सुमारे २० मिनिटं बोलायचं, मग स्वतः त्या माणसाजवळ सुमारे १० मिनिटं बसून चेहरा, हालचाल, चिडचिड, गोष्टींना मिळणारा प्रतिसाद पाहायचा. १०च्या वर गुण गेले तर नैराश्य असण्याची दाट शक्यता, १८च्या वर जवळपास नक्की. सांभाळणाऱ्याचं सांगणं आणि आपण पाहिलेलं यांत तफावत आली तर पुन्हा विचारून ठरवायचं, म्हणून हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. एक गोष्ट मात्र कुणालाही करता येईल: सांभाळणारी व्यक्ती स्वतः दमलेली असेल तर तिला समोरचा माणूस आहे त्याहून जास्त उदास दिसतो, तेव्हा शक्य असेल तिथे दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीतल्या दोघांशी वेगवेगळं बोलावं.